घरी राहायचं ठरवलं, पण बाकीचं ठरवायचं राहून गेलं

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. ताईंच्या इच्छेप्रमाणे त्यांचं नाव आणि गाव दिलेलं नाही.)



अध्यक्ष ताईंनी मला सांगितलं, "तू नर्सची नोकरी सोडून घरी का बसलीस, ते बायांना सांग." मी म्हटलं, ताई, बोलते, पण 'बसलीस' हा शब्द तेवढा बदला. दोन लेकरं, सासूबाई, एक गाय आणि आठवड्यातून तीन दिवस येणारं नळाचं पाणी, एवढं असताना बसायला मिळतं कुठं? त्या हसल्या. पण मला हसू आलं नाही, आणि का आलं नाही तेच आज सांगायचं आहे.

गटात आल्यावर मी पहिल्यांदा कर्ज घेतलं, तेव्हा आमच्या सीआरपी ताई फॉर्म भरत होत्या. नाव झालं, वय झालं, शिक्षण झालं. मग 'व्यवसाय' आला. मी म्हटलं, आधी नर्स होते, आता घरीच असते. ताईंनी लिहिलं, 'काही नाही'. त्यांची चूक नाही. त्यांना दिवसाला असे वीस फॉर्म भरायचे असतात. पण घरी येऊन भाकरी थापताना माझ्या डोक्यात ते दोन शब्द फिरत राहिले. काही नाही. पहाटे पाचला उठून रात्री साडेदहाला पाठ टेकते, आणि काही नाही.

२०१९ साली सरकारने देशभर एक पाहणी केली होती. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची. त्यात असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. आणि घरकामात हात घालणारे पुरुषच मुळात शंभरातले २६. लेकरांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा मोजला होता. हे सगळं फॉर्मवर कुठं लिहायचं? म्हणून म्हणते, घरी राहणं हे काम आहे. पण या कामाला पगार नाही, रजा नाही, पेन्शन नाही, आणि कुठल्या कागदावर नाव नाही. शेवटची गोष्ट मला फार उशिरा कळली.

माझी गोष्ट

मी ख्रिस्ती आहे, तुम्हाला माहीतच आहे. नाताळाला माझ्याकडे करंज्या खाऊन गेलेल्या कितीतरी जणी समोर बसल्यात. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती बाईने नोकरी करणं ही काही नवी गोष्ट नाही. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई १८३९ मध्ये नगरला आल्या आणि त्यांनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या. आपल्या सावित्रीबाई फुल्यांनीही शिक्षिकेचं शिक्षण नगरला त्यांच्याच हाताखाली घेतलं. पुढे आमच्या समाजात घराआड घर शिक्षिका आणि नर्स झाल्या. माझी आजी मिशनच्या दवाखान्यात आया होती, माझी मावशी नर्स. मी शाळेत असतानाच ठरलं होतं की ही पोरगी नर्स होणार. वडिलांनी दोन शेळ्या आणि आईचे कानातले विकून माझी फी भरली.

२०१८ ला मला मुलगी झाली. तेव्हा मी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात होते. पगार ८,५००. दवाखान्यात पंचवीस-तीस माणसं कामाला होती. डिलिव्हरीच्या आधी मला सांगितलं गेलं, "सहा आठवडे बिनपगारी घे. नंतर ड्यूटीवर ये, नाहीतर राजीनामा दे." मला वाटलं, हाच नियम असेल. मी सहा आठवड्यांनी रुजू झाले. रात्रपाळी लागायची. बाळ सासूबाईंजवळ. ड्यूटीवर असताना दूध भरून यायचं, कपडे ओले व्हायचे, बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायचे. दुसऱ्याच्या बाळाला टीप देऊन आईच्या पदराशी लावायचं, आणि माझं घरी चमच्यावर.

एके दिवशी हिशोब मांडला. ८,५०० मधून बसभाडं ११००. रात्री परत यायला गाडी नसायची, तेव्हा रिक्षाचे ९००. वरच्या दुधाचे आणि औषधाचे हजारभर. सासूबाईंचे गुडघे धरले म्हणून दिवसा एक मुलगी ठेवली, तिचे २,०००. हातात राहिले ३,५००. आणि बाळ मला बघून सासूबाईंकडे तोंड फिरवायचं. तीन महिन्यांत मी राजीनामा दिला.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायांनी माझं फार कौतुक केलं. एका रविवारी उपासनेनंतर एक बाई म्हणाल्या, "बरं केलंस. आईने लेकरासाठी त्याग करावाच." माझे वडील मात्र दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांना त्यांच्या शेळ्या आठवत होत्या. एकीकडे मी आदर्श आई झाले, दुसरीकडे शिक्षण वाया घालवणारी. मी मात्र दोन्हीकडे एकच सांगत होते: हा माझा निर्णय आहे.

आज मागे वळून बघते, तेव्हा प्रामाणिकपणे सांगते, तो निम्मा माझा निर्णय होता आणि निम्मी माझी अडचण होती. मला लेकराजवळ राहायचं होतं, हे खरं. पण मला हेही माहीत नव्हतं की १९६१ पासून आपल्या देशात प्रसूती रजेचा कायदा आहे, आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा झालेली आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा खासगी दुकान-दवाखान्यालाही ती लागू होती. अट एवढीच की बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत बाईने निदान ८० दिवस काम केलेलं असावं. मी तर दोन वर्षं केलं होतं. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण आठवडे २६ तेच आहेत. मला ते सहा महिने मिळाले असते तर मी नोकरी सोडली असती का? कदाचित सोडली असती, कदाचित नसती. पण मग जे केलं असतं ते विचार करून केलं असतं. म्हणून तुमच्या लेकी-सुना कुठं दवाखान्यात, दुकानात, कंपनीत असतील तर त्यांना आजच घरी जाऊन हे सांगा.

ती चार वर्षं

मला कुणी विचारलं, नोकरी सोडल्याचा पस्तावा होतो का? तर नाही. माझी मुलगी पहिलं पाऊल माझ्यासमोर टाकून गायीच्या गव्हाणीपर्यंत गेली. ती बोलायला शिकली ती माझ्या कडेवर. रोज संध्याकाळी दिवा लागला की आम्ही दोघी प्रार्थना करायचो, आणि ती गायीचं, शेजारच्या कुत्र्याचं आणि एसटी ड्रायव्हर काकांचं नाव घेऊन त्यांच्यासाठी देवाकडे मागायची. तिला न्यूमोनिया झाला तेव्हा श्वास मोजून मी रात्रीच ओळखलं आणि वेळेत दवाखान्यात नेलं. माझं शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल? ज्या आईला लेकराजवळ राहावंसं वाटतं आणि राहता येतं, तिने जरूर राहावं. त्यात कमीपणा नाही. मी ते पुन्हा निवडलं आहे, ते पुढे सांगते.

पण मधे एक गोष्ट घडली.

एका रात्रीत काय कळलं

मुलगी चार वर्षांची होती. आमचे हे दुधाची पिकअप चालवतात. पहाटे उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. चार महिने खाटेवर.

त्या पहिल्या रात्री दवाखान्यात ॲडव्हान्स भरायला सांगितला. यांच्या खात्यात ४६,००० रुपये होते. खातं एकट्याच्या नावावर, एटीएमचा नंबर मला माहीत नाही, आणि हे बेशुद्ध. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. साहेब चांगले होते, पण म्हणाले, "ताई, तुमचं नाव खात्यावर नाही, मी कसे देऊ?" त्यांचंही बरोबर होतं. नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, पण नॉमिनीला पैसे माणूस गेल्यावर मिळतात, तो जिवंत असताना नाही. हा फरक मला त्या दिवशी बँकेच्या खुर्चीत कळला.

मग एकेक कळत गेलं. पिकअप यांच्या नावावर, कर्जाला जामीन दीर. घराचा आठ-अ उतारा सासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन सहा वर्षं झालेली. माझा पीएफ होता थोडा. नोकरी सोडली तेव्हा तो काढून घेतला होता आणि त्यात आपलं थोडं घालून घरात मोटारसायकल आली होती. ती कुणाच्या नावावर, हे विचारू नका. मी नर्स म्हणून परत कामाला जाते म्हटलं, तर नर्सिंग कौन्सिलची माझी नोंदणी संपलेली. ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मी घरी असल्यामुळे माझ्या ध्यानातच राहिलं नाही, आणि मला कुणी आठवणही केली नाही. ज्या दवाखान्यात मी एकेकाळी सलाईन लावत होते, तिथं मला 'नोंदणी चालू नाही, आया म्हणून ये' म्हणाले.

चार वर्षं मी घर चालवलं होतं, आणि घराच्या एकाही कागदावर मी नव्हते.

त्या दिवशी पैसे कुठून आले, ते इथं बसलेल्यांना माहीत आहे. आमच्या गटाच्या बाया रात्री आठ वाजता ओट्यावर जमल्या. अध्यक्षांनी पेटी उघडली, सचिवांनी ठराव लिहिला, २०,००० रुपये अंतर्गत कर्ज. पेटी, वही आणि दहा सह्या. व्याज लावलं, सूट दिली नाही, आणि मला तेच आवडलं. ती भीक नव्हती, माझा हक्क होता. महिन्याला शंभर रुपये मी माझ्या नावाने टाकत होते. माझ्या नावाचं जगात तेवढंच होतं.

वचन मी स्वतः उघडून वाचलं

आमच्याकडे स्त्रीने घर सांभाळावं असं सांगताना नीतिसूत्रे या पुस्तकाचा एकतिसावा अध्याय नेहमी काढतात. सद्गुणी स्त्रीचं वर्णन आहे तिथं. लग्नात, महिला मंडळात, आईच्या दिवशी, तोच. मी तो कितीदा ऐकला होता. यांच्या खाटेशेजारी बसून रात्री जागायची तेव्हा मी तो सावकाश वाचला.

त्यातली बाई घरच सांभाळते, यात शंका नाही. पहाटे अंधारात उठून घरच्यांच्या जेवणाचं बघते. पण तीच बाई शेत पारखून विकत घेते. आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. कापड विणून, कमरपट्टे करून व्यापाऱ्याला विकते. आणि अध्यायाच्या शेवटी म्हटलंय की तिच्या हातच्या कामाचं फळ तिला मिळू द्या. मैत्रिणींनो, मी नवऱ्याच्या उशाशी बसून विचार केला, हा भाग मला कुणी मोठ्याने वाचून का दाखवला नाही?

अजून एक गोष्ट सापडली. शमुवेलाची आई हन्ना. ती नवऱ्यासोबत दरवर्षी शिलो इथं देवाच्या दर्शनाला जायची. बाळ झालं, त्या वर्षी ती म्हणाली, बाळाचं दूध तुटेपर्यंत मी घरीच राहणार. नवरा एलकाना म्हणाला, तुला बरं वाटेल तसं कर. त्या काळात! देवाची यात्रा होती ती, तरी त्याने जबरदस्ती केली नाही. आणि ती कायमची घरी राहते म्हणाली नाही. दूध तुटेपर्यंत म्हणाली. म्हणजे ठरवलं तिने, मुदत ठरवली तिने, आणि नवऱ्याने मान दिला.

आणि केडगावच्या पंडिता रमाबाई तर आपल्या शेजारच्या. नवरा वारला तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्यांच्यापुढे घरी राहायची निवडच नव्हती. लेकीला वाढवत त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. मग त्या चांगल्या आई नव्हत्या का? देवाने एकाच साच्यातून सगळ्या आया काढलेल्या नाहीत.

हे सगळं मी महिला मंडळात बोलले. थोडी कुजबुज झाली. पण आमच्या पाळकीणबाई उठून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आपण सगळ्याजणी आपापली पासबुकं घेऊन येऊ." त्या दिवशी प्रार्थना झाली, चहा झाला, आणि पासबुकं उघडली. सतरा जणींपैकी सहा जणींना आपल्या घरात पैसा कुठल्या बँकेत आहे तेच माहीत नव्हतं.

कायदा काय म्हणतो

तुम्हाला वाटेल, नवऱ्याचं ते बायकोचंच की. मलाही वाटायचं. आमच्या ख्रिस्ती समाजाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश बायकोला, बाकी दोन तृतीयांश मुलांना, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. चांगला कायदा आहे. पण 'गेल्यावर'. आणि त्याने मृत्युपत्र करून दुसऱ्याला दिलं तर तेही नाही. हिंदू, बौद्ध बहिणींना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, मुस्लिम बहिणींचा त्यांचा वेगळा. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखीच आहे: नवरा जिवंत असताना त्याच्या नावावरचं त्याचं असतं.

आपल्या कामाची किंमत कोर्टाने केलेली आहे. जमशेदपूरला १९८९ मध्ये आग लागून माणसं गेली होती. त्या दाव्यात २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बायकांच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. २०२१ च्या जानेवारीतही एका अपघाताच्या दाव्यात न्यायालयाने सांगितलं की गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे आणि ते भरपाईत धरलंच पाहिजे. पण ताई, ही किंमत बाई मेल्यावर निघाली. आपल्याला ती जिवंतपणी पाहिजे, आणि ती कोर्ट देणार नाही. ती घरातच ठरवावी लागते.

दुसऱ्या वेळेला मी काय केलं

हे बरे झाले. मी धावपळ करून नोंदणी पुन्हा चालू केली, वर्षभर कामावर गेले. मग जून २०२४ ला मुलगा झाला. या वेळी मीच म्हटलं, मी पुन्हा घरी राहते, हा पहिलीला जाईपर्यंत. पण या वेळी आम्ही दोघं जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. गटाची वही असते तशीच. एकेक लिहिलं. तेच तुम्हाला सांगते; ज्या घरी राहतात, राहणार आहेत, त्यांनी लक्षात ठेवा.

पहिलं, खातं. घरखर्चाचं एक खातं दोघांच्या नावावर, आणि दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं. बँकेत फॉर्म भरताना ही अट नीट लिहून घ्या. नुसत्या नॉमिनीवर भागवू नका.

दुसरं, घर. ग्रामपंचायतीत अर्ज करून आठ-अ उताऱ्याला दोघांची नावं. आमचं आधी वारसनोंद करण्यापासून सुरू झालं, वर्ष गेलं, पण झालं. शेती असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्याला बायकोचं नाव लागतं. तलाठी भाऊसाहेबांना विचारा.

तिसरं, विमा. जीवन ज्योतीचा वर्षाला ४३६ रुपये हप्ता, सुरक्षा विम्याचा २० रुपये. दोन्हीत २ लाखांचं संरक्षण. सुरक्षा विमा मात्र फक्त अपघाताला. आपण नवऱ्याचा काढतो, आपला काढत नाही. आपण गेलो तर घराचं नुकसान होणार नाही का? मे महिन्यात हप्ता खात्यातून कापला जातो, तेवढे पैसे खात्यात ठेवा, नाहीतर विमा बंद पडतो.

चौथं, म्हातारपण. वय १८ ते ४० असेल तर अटल पेन्शन. तिसाव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला ११६ रुपयांत साठीनंतर महिना १,००० रुपये पेन्शन. जास्त भरलं तर ५,००० पर्यंत. हे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यातून जावेत, असं आम्ही लिहिलं. ते घरच्या उत्पन्नातून द्यायचे, मागायचे नाहीत.

पाचवं, आपली सनद. नर्स असो, शिवणकाम शिकलेली असो, डीएड झालेली असो. जे शिकलो त्याचा कागद जिवंत ठेवायचा. नोंदणी, नूतनीकरण, प्रमाणपत्र. पीएफ असेल तर नोकरी सोडली म्हणून लगेच काढून मोडू नका. दहा वर्षांची सेवा भरली तर पेन्शनचा हक्क लागतो, आणि मधे खंड पडला तरी पुढची सेवा मागच्याला जोडता येते.

सहावं, मुदत. किती वर्षं घरी, आणि मग पुन्हा दोघांनी बसून बोलायचं. हन्नासारखं. कायमचं कुणी कुणाला बांधून घ्यायचं नाही.

सातवं, गट सोडायचा नाही. बाळ लहान आहे म्हणून बैठक चुकवू नका, बाळाला घेऊन या. माझा मुलगा आमच्या गटाच्या पेटीवरच उभा राहायला शिकलाय.

हे म्हणाले, "एवढं लिहायला आपण काय भांडणार आहोत का?" मी म्हटलं, भांडण झालं तर लिहायला कोण बसतं? त्यांनी सही केली. मुलाच्या जन्मदाखल्यावर आता त्याच्या नावापुढे आधी माझं नाव आहे, मग वडिलांचं, मग आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांना आपल्या राज्यात हा नियम आहे. यांनी दाखला हातात घेतला, दोनदा वाचला, आणि म्हणाले, "बरोबरच आहे."

ज्यांना निवडच नाही

आता शेवटचं. मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी कधी विचारलंच नाही गं, घरी राहतेस का कामाला जातेस. तुझ्या नवऱ्याला मी बांधावर बाभळीला झोळी बांधून त्यात ठेवलं आणि खुरपत गेले." मी गप्प झाले. आपल्याच जिल्ह्यात दर हंगामात ऊसतोडीला बाया येतात, पाचटावर लेकरू निजवून मोळ्या बांधतात. त्यांच्यापुढे मी 'मी घरी राहायचं निवडलं' म्हणते, तेव्हा मला त्याची लाज वाटत नाही, पण मोठेपणाही वाटत नाही. माझ्या घरी गाय होती, पिकअप होती, म्हणून मला निवडता आलं.

म्हणून घरी राहणाऱ्या बायांनी कामावर जाणारीला 'लेकरं टाकून जाते' म्हणू नये. तिचं लेकरू शाळेतून आलं तर अर्धा तास आपल्या ओट्यावर बसवावं. आणि कामावर जाणाऱ्या बायांनी आम्हाला 'तुला काय, घरीच असतेस' म्हणू नये. लेकराजवळ राहणं हे पुण्य नाही आणि पापही नाही. ते काम आहे. ज्या घरात ते होतं, त्या घराने त्याची किंमत ठेवावी.

सभेपुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, आपल्या गटांच्या कर्जाच्या फॉर्मवर यापुढे कुठल्याही बाईच्या नावापुढे 'व्यवसाय: काही नाही' असं लिहू नये. 'घर व मुलांचा सांभाळ' असं लिहावं. जागा पुरते, मी बघितलंय. दोन, पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक तास काढावा, आणि प्रत्येकीने सांगावं की तिच्या घरातल्या कुठल्या कागदावर तिचं नाव आहे. जिचं कुठंच नसेल, तिच्यासोबत दोघीजणींनी बँकेत नाहीतर ग्रामपंचायतीत जावं. एकटीला पाठवू नये. मी एकटी गेले होते, मला माहीत आहे ती खुर्ची कशी असते.

मुलगा मागे रडतोय, ऐकू येतंय मला. थांबते. सलाम.